पाऊस कोणासाठी मागावा?

सुक्कोथ संपला, मांडव उतरला, फळ्या आणि बांबू पुन्हा जिन्याखाली गेले, की आमच्या इमारतीत दोन तऱ्हेची माणसे दिसू लागतात. पहिल्या तऱ्हेची माणसे सकाळी उठून पश्चिमेकडे पाहतात आणि ढग दिसला नाही म्हणून उसासा टाकतात. दुसऱ्या तऱ्हेची माणसेही पश्चिमेकडेच पाहतात, पण त्यांचा उसासा ढग दिसला म्हणून असतो. आम्ही पहिल्यांत मोडतो. बेरशेवाच्या ह्या जुन्या शिकूनमध्ये आमचे घर तळमजल्यावर आहे, आणि घरापुढे चार हात जमीन आहे. तीत कढीपत्ता, लिंबू, अळू, गवती चहा, सब्जा आणि एक बदामाचे झाड अशी खिचडी आम्ही लावून ठेवली आहे. दुसऱ्यांत मोडतात त्या आमच्याच जिन्यातल्या, अगदी वरच्या मजल्यावरच्या बाई. त्या मोरोक्कोहून आलेल्या, वयाने ऐंशीच्या पुढच्या आणि एकट्या. त्यांच्या डोक्यावर थेट गच्ची आहे, आणि गच्चीच्या डांबराला किती वर्षे झाली हे आता कोणी सांगू शकत नाही. इमारतीच्या समितीला येथे ‘वाद बायित’ म्हणतात. मराठी माणसाला ह्या नावाचा उलगडा करून सांगावा लागत नाही. डांबराच्या खर्चावरून तीन हिवाळे वादच चालला होता.

काही वर्षांपूर्वी हेश्वानच्या सातव्या रात्री आम्ही सिनेगॉगमधून परतत होतो, तेव्हा ह्या बाई जिन्यात भेटल्या. त्या रात्रीपासून ह्या देशात तेफिलामध्ये दव आणि पाऊस मागावयास सुरुवात होते, हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक. त्यांनी विचारले, “आज मागितलात पाऊस?” आम्ही म्हटले, “मागितला.” त्या म्हणाल्या, “मग माझ्या छताचेही सांगितलेत ना?” आणि हसत हसत कठड्याला धरून वर गेल्या.

त्यांनी थट्टेने विचारले, आम्हीही थट्टेने घेतले. परंतु जेवताना घास घशाखाली उतरेना. आपण हात जोडून जे मागतो ते दुसऱ्याच्या छतातून गळणार आहे हे ठाऊक असताना मागावे काय? आणि मागावे, तर कोणत्या तोंडाने?

कोकणातून आलेल्या माणसाला हा प्रश्न लवकर सुचत नाही, ह्याला कारण आहे. आपल्या वाडवडिलांचा पाऊस वेळापत्रकाने येई. मृग लागला की आभाळ भरणार, चार महिने कोसळणार, आणि दिवाळीच्या सुमारास निरोप घेणार. कधी दगा देई, नाही असे नाही. पण त्याच्या येण्याजाण्याचा महिना तरी ठरलेला असे. अलिबागेकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बेरशेवास साधारणपणे दोनशे पडतो, आणि तोही कसा पडेल ह्याचा नेम नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हा त्याचा हंगाम म्हणावयाचा, पण ह्या सात महिन्यांत खऱ्या अर्थाने ओले दिवस बोटांवर मोजावे. एखाद्या वर्षी पहिला पाऊस, म्हणजे ‘योरे’, सुक्कोथमध्येच येऊन मांडवावरच्या फांद्यांतून ताटात ठिबकतो. एखाद्या वर्षी हनुक्काचे दिवे लागले तरी मातीला वास नाही. मग एकाच रात्रीत महिन्याभराचा पाऊस कोसळतो, कोरड्या नाल्यांना पूर येतो, आणि दुसऱ्या दिवशी असे निळे आभाळ, की काल रात्रीचे खरे वाटू नये. जानेवारीच्या मध्यावर वाळवंटाकडून उष्ण वारा सुटून चार दिवस सदऱ्यावर हिंडावे लागते, आणि पाचव्या रात्री पाणी गोठते.

घरातही ह्या लहरीपणाचा जाच असतोच. गच्चीवरचा ‘दूद शेमेश’ उन्हावर पाणी तापवतो. पण शुक्रवारी दुपारी तीन वाजता ढग आले, तर बॉयलर लावावा की उन्हावर भरवसा ठेवावा हा निर्णय शब्बाथ लागण्याआधी करावा लागतो, आणि तो चुकला की सारे घर थंड पाण्याने अंघोळ करते व गृहिणीकडे पाहते. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढते. दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस ओले राहतात. घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, म्हणून थंडीत लादीवर पाय ठेववत नाही. हे सगळे आपण कुरकुर करून सोसतो, आणि तरीही दूरदर्शनवर किन्नेरेथची पातळी दोन बोटे वाढल्याची बातमी आली की घरातले सगळे खूश! धोक्याची खालची लाल रेघ समुद्रसपाटीखाली २१३ मीटरवर आहे, आणि भरल्याची वरची २०८.८० वर. ही दोन आकडेशास्त्रे येथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. १९९१-९२ च्या हिवाळ्यात एवढा पाऊस झाला, की सरोवर भरून देगानियाचे बांधाचे दरवाजे उघडावे लागले. ती आठवण जुनी मंडळी अजून लग्नाची आठवण सांगावी तशी सांगतात.

आता बागेविषयी. आमच्या चार हातांच्या जमिनीत जे शिकावयास मिळाले, ते आम्हांस कोणत्याही दराशात ऐकावयास मिळाले नव्हते.

बदामाला थंडी लागते. हिवाळ्यात पुरेसे तास गारठा मिळाला नाही, तर झाडाची झोप पुरी होत नाही; मग मोहोर मागेपुढे, विस्कळीत येतो आणि फळ धड धरत नाही. कढीपत्त्याचे नेमके उलट. ते आपल्याकडचे झाड, उबेत वाढलेले. गारठ्यात पाने पिवळी करून रुसून बसते, आणि दहिवर पडले तर कोवळे शेंडे उकडल्यासारखे काळे होतात. अळूचे तर एका रात्रीत पोतेरे होते. एका जानेवारीत आठ-दहा दिवस असे ऊन पडले, की आम्हांस वसंतच आल्याचा भास झाला. कढीपत्त्याने फसून हिरवेगार धुमारे फोडले. बदामाने तीच चूक केली, तोही चार दिवस आधीच फुलला. मग एका रात्री वारा पडला, आभाळ काचेसारखे स्वच्छ झाले, चांदण्या अशा की मोजाव्यात. आम्ही खिडकीतून पाहून ‘किती सुंदर’ म्हणालो आणि झोपलो. सकाळी धुमारे काळे. कढीपत्ता ज्यांनी परदेशात हाताने वाढवला आहे, त्यांना त्या सकाळी आम्हांस काय वाटले हे सांगावयास नको.

दहिवर पडते ते अशाच सुंदर रात्री. दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब रात्री आभाळाकडे निघून जाते. वर ढग असले तर ते गोधडीप्रमाणे ती ऊब धरून ठेवतात, आभाळ मोकळे असले तर अडवणारे कोणी नाही. ओली माती सुकीपेक्षा अधिक ऊब साठवते, म्हणून धोक्याच्या दिवशी दुपारी झाडाला पाणी द्यावे, आणि संध्याकाळी जुना पलंगपोस जमिनीपर्यंत टेकेल असा पांघरावा. हे आम्ही नंतर शिकलो. पण पलंगपोस कढीपत्त्यावर घालताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. आम्ही मनात म्हणत होतो, देवा, आज गारठा नको. आणि दोन हातांवर बदाम उभा होता, त्याला गारठा हवाच होता. दुसऱ्याचे छत तर दूरच राहिले. आमच्या स्वतःच्या अंगणात, एका मालकाच्या दोन झाडांना, एकाच रात्री दोन वेगळ्या तेफिला हव्या होत्या. ज्याच्याकडे आम्ही मागतो त्याच्यापुढे तर शेतकरी, वाटसरू, मेंढपाळ, गवंडी, कोळी आणि गच्चीखालच्या बाई, सगळेच एकदम उभे असतात.

हा प्रश्न आपल्या ज्ञानी पुरुषांना पडला नसेल, असे समजण्याचे कारण नाही. हेश्वानच्या सातव्या रात्रीचेच पाहा. पाऊस तर सुक्कोथ संपताच हवा; शेमिनी अत्सेरेथला पावसाचा उल्लेख आपण सुरूही करतो. पण मागणे मात्र सण संपल्यावर पंधरा दिवस थांबते. ते का? मिश्नामध्ये रब्बान गमलिएलांनी कारण दिले आहे: सणाला यरुशलेमास आलेल्या यात्रेकरूंपैकी सर्वांत दूरचा माणूस फरात नदीपर्यंत पोहोचावा, त्याची वाट चिखलाची होऊ नये. साऱ्या देशाची शेते तहानलेली असताना, वाटेवरच्या अखेरच्या माणसासाठी साऱ्यांनी तोंड मिटून बसावयाचे! इसवी सन ७० मध्ये मंदिर गेले, यात्रा थांबली, फरातेकडे चालत जाणारा तो शेवटचा यात्रेकरू केव्हाच इतिहासजमा झाला. तरी येथे आजही सातव्या हेश्वानपर्यंत थांबतात. ज्याच्यासाठी थांबावयाचे तो माणूस उरला नाही, थांबणे तेवढे उरले. ह्या प्रथेवर आमचे जितके प्रेम आहे तितके दुसऱ्या क्वचितच कोणत्या प्रथेवर असेल.

पण तेथेच थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. दुसरी बाजू आहे. किप्पूरच्या दिवशी, ज्याला आपल्या आज्या दारफळणीचा सण म्हणत, कोहेन गादोल परमपवित्र स्थानातून बाहेर येऊन एक लहानशी तेफिला करी. तीत पावसाची गोष्ट निघाल्यावर तो असे मागे, की जगाला पाऊस हवा असताना, ‘पाऊस नको’ म्हणणाऱ्या वाटसरूंचे गाऱ्हाणे ऐकले जाऊ नये. म्हणजे एकीकडे ज्या वाटसरूसाठी सारे राष्ट्र पंधरा दिवस थांबते, त्याच वाटसरूच्या तोंडाला दुसरीकडे कुलूप. ताल्मूदमध्ये ह्याला जोडूनच रब्बी हनीना बेन दोसांची कथा येते. ते डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चालले होते. पाऊस आला. त्यांनी म्हटले, सारे जग सुखात आणि हनीना दुःखात! पाऊस थांबला. घरी पोहोचल्यावर म्हणाले, आता सारे जग दुःखात आणि हनीना सुखात! पुन्हा पाऊस आला. कोकणात मिठागरांच्या शेजारी ज्यांचे बालपण गेले, त्यांना ओल्या मिठाच्या पाटीचे दुःख लगेच कळेल. ताल्मूद विचारते, की हनीनांच्या एका शब्दापुढे कोहेन गादोलची तेफिला काय कामाची ठरली? आम्हांस मात्र कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. घरी पोहोचल्यावर, पाटी कोरडी ठेवल्यावर, त्यांना जग आठवले. पुष्कळांना आठवत नाही.

ह्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध आहेत काय? आम्ही पुष्कळ दिवस तसे समजत होतो. आता आमचे मत असे झाले आहे, की दोन्हींत वाटसरू एक असला तरी काळ वेगळा आहे. सणानंतरच्या पंधरवड्यात तहान थांबू शकते. उशीर झाला तर पीक जात नाही. तेव्हा जो थांबू शकतो त्याने, ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी थांबावे. पण पंधरवडा उलटला, बी मातीत पडले, की वाटसरूची गैरसोय आणि शेताचे मरण ही एका मापाने मोजता येत नाहीत. भिजलेला माणूस वाळतो, जळालेले पीक उठत नाही. येथपर्यंत हिशेब बरोबर जुळतो. पण ह्या हिशेबात आम्ही कोण? आमचा कढीपत्ता मेला तर भाजी बेचव होईल, ह्यापलीकडे काही नाही. शेताच्या तहानेच्या नावाखाली आपली हौस मागणारे आम्ही, आणि छत गळणाऱ्या बाई वाटसरू! हे तोलून पाहिल्यावर त्या रात्री घास का उतरत नव्हता ते उमगले.

आपल्या ज्ञातीला तर ह्या प्रश्नाची एक खास गंमत भोगावी लागली आहे, ती ध्यानात किती जणांच्या आली असेल कोण जाणे. परदेशात राहणारे यहुदी पावसाचे मागणे ४ डिसेंबरच्या रात्री सुरू करतात, आणि इंग्रजी लीप वर्षाच्या आधीच्या डिसेंबरात ५ तारखेस. हा मेळ बाबेलच्या हवामानाशी बसवलेला. आता डिसेंबरात कोकणात काय असते? भाताची झोडणी आटोपलेली किंवा खळ्यावर चाललेली, पेंढा उघड्यावर, वाल नुकते वर आलेले, आणि आंब्याला मोहोर धरू लागलेला. अशा वेळी दोन सरी आल्या की पेंढा कुजलाच, मोहोर गळलाच. आणि आपले आजोबा-पणजोबा खळ्यावरून घरी येऊन, हातपाय धुऊन, पूर्वेकडे नव्हे तर कोकणातून पश्चिमेकडे, यरुशलेमाच्या दिशेस तोंड करून, दव आणि पाऊस मागत! दिवसभर शेजाऱ्यांबरोबर ‘देवा, आभाळ मोकळे ठेव’ म्हणावयाचे आणि रात्री हेब्रूत पाऊस मागावयाचा. हा ढोंगीपणा होता काय?

निनवेच्या लोकांनी असेच कोडे रब्बी यहूदा हनासींना विचारले होते. आमच्याकडे उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही तो कसा मागावा? उत्तर आले, की तुमची गरज ही एकेकट्या माणसाच्या गरजेसारखी समजावी. ती समाईक मागण्यात घालू नये, तर जेथे प्रत्येकजण आपापले गाऱ्हाणे सांगतो त्या ‘शोमेआ तेफिला’च्या आशीर्वादात सांगावी. कोकणासारख्या मुलखाला हे बरोबर लागू पडते. ज्येष्ठ-आषाढातला पाऊस आपापल्या गाऱ्हाण्यात, आणि समाईक मागणे मात्र दुसऱ्यांसाठी. म्हणजे आपले पूर्वज पिढ्यान् पिढ्या, न पाहिलेल्या जमिनीसाठी, ओळख नसलेल्या शेतकऱ्यांसाठी, आपल्याला नको असलेला पाऊस मागत आले. त्या मागण्यात त्यांचा स्वार्थ काडीइतका नव्हता. येथे येऊन आम्ही त्या जमिनीवर राहू लागलो, आणि त्याच शब्दांत आमचा कढीपत्ता शिरला.

ह्यापुढचा भाग कठीण आहे आणि त्यावर आमचे समाधान झालेले नाही. शेमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आपण रोज दोनदा म्हणतो, की आज्ञा पाळल्या तर पाऊस वेळेवर मिळेल, आणि बहकलात तर आकाश बंद होईल. लहानपणी हे सरळ वाटे. पण २०१३ नंतर उत्तरेत पाच वर्षे ओळीने पाऊस कमी पडला, तो काय गालीलमधले लोक आमच्यापेक्षा पापी होते म्हणून? आणि २०२० च्या जानेवारीत तेल अवीवमध्ये एका दिवशी एवढा पाऊस कोसळला, की एका इमारतीच्या तळघरातल्या लिफ्टमध्ये अडकलेली दोन तरुण माणसे पाणी चढून बुडाली. त्या आठवड्यात उत्तरेत शेतकरी आनंदात होते, किन्नेरेथ चढत होते, लोक एकमेकांना ‘गिश्मे ब्राखा’, आशीर्वादाचा पाऊस, म्हणत होते. आम्हीही म्हटले होते. आदल्या हेश्वानात तो आम्हीच मागितला होता. ती बातमी ऐकल्यावर पुढचे काही दिवस तो शब्द आमच्या तोंडून निघेना. दोष गटारांचा होता, बांधणाऱ्यांचा होता, हे आम्हांस कळते. पण ‘दोष गटाराचा’ म्हणून हात झटकणे आणि ‘पुण्य आमच्या तेफिलाचे’ म्हणून पुढे होणे, ही दोन्ही एकाच तोंडाने करता येत नाहीत.

ताल्मूदमध्ये दुसराही एक विचार आहे, तो आम्हांस शेमाच्या धाकापेक्षा जवळचा वाटतो: पावसाचा दिवस मेलेल्यांच्या पुनरुत्थानाहून मोठा, कारण पुनरुत्थान सज्जनांपुरते, पाऊस मात्र सज्जनदुर्जन न पाहता पडतो. पाऊस निवडून पडत नाही हीच त्याची थोरवी मानली आहे. पण निवडून पडत नाही म्हणजे गच्चीखालच्या बाईंनाही निवडून वगळत नाही.

आणि आपले कुळ तरी कशातून आले? नवगावच्या किनाऱ्यावर वादळात गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीचे बुडाले व तेथेच पुरले गेले, ही आपली मूळकथा. ते वादळ झाले नसते तर शनिवार तेली झाले नसते, मलिदा झाला नसता, हे लिहिणारे आम्ही आणि वाचणारे तुम्ही झालो नसतो. मग त्या वादळाबद्दल आभार मानावेत? सातांच्या वंशजांनी मानावेत, तर पुरलेल्यांचे काय? लहानपणी ही कथा ऐकताना आम्ही नेहमी पोहून आलेल्यांच्या बाजूने ऐकली. बुडालेल्यांच्या बाजूने ती सांगणारा कोणी उरलाच नाही, म्हणून तशी ती कोणी ऐकली नाही.

ज्यांचा मलिदा आपण करतो त्या इलियाहू हन्नाबींचीच गोष्ट घ्या. आहाब राजाला, माझ्या शब्दाशिवाय दव किंवा पाऊस पडणार नाही, असे बजावणारे तेच. शेवाटच्या पौर्णिमेस, खंडाळ्याच्या त्या खडकाची आठवण काढून, पोहे, नारळ आणि पाच फळे मांडून आपण त्यांचे नाव घेतो, तेव्हा पाऊस कोंडून धरणाऱ्याचे नाव घेत असतो हे सहसा मनात येत नाही. पण शास्त्रात पुढे काय घडते पाहा. ज्या ओढ्याचे पाणी पिऊन इलियाहू राहत होते तो ओढाच आटला. दुष्काळ ज्यांनी मागितला त्यांचीही घागर रिकामी झाली, आणि त्यांना एका गरीब विधवेच्या दारात जाऊन पाणी मागावे लागले. पुढे ढग आला तो माणसाच्या तळहाताएवढा. आम्हांस वाटते, की त्या विधवेच्या घरी राहून, तिच्या मडक्यातले पीठ मोजल्यावरच तो ढग मागण्याचा अधिकार त्यांना मिळाला असावा. हे आमचे मत. हजान मंडळींनी रागावू नये.

आमचा धाकटा भाचा म्हणतो, की मामा, आता हे सगळे कालबाह्य आहे. २००५ मध्ये अश्केलोनला समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा कारखाना सुरू झाला, मग पालमाहीम, हदेरा, सोरेक, अश्दोद. घरात नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आता समुद्रातून येतो. पाऊस मागावयाचा तो कशाला? मुलगा हुशार आहे, आणि त्याचे म्हणणे नळापुरते बरोबर आहे. आम्ही त्याला फेब्रुवारीत बेरशेवाच्या उत्तरेला नेले. रस्त्याच्या दोहो अंगांना तांबड्या कलानियोथचे गालिचे, पलीकडे निव्वळ पावसावरचा गहू, त्यापलीकडे एका बदाऊनी म्हाताऱ्याची मेंढरे कोवळ्या गवतावर. ह्यांतले कशालाही कारखान्याचे पाणी मिळत नाही. ज्याच्या घरी नळ आहे त्याने पाऊस मागणे सोडून दिले, तर ज्याच्याकडे नळ नाही त्याच्यासाठी कोण मागणार? भाचा फोटो काढण्यात गुंतला होता; त्याने ऐकले की नाही कळले नाही. पण आम्ही स्वतः ऐकले. नळाने आमची गरज भागवली, तेव्हा कुठे आमचे मागणे पुन्हा कोकणातल्या आजोबांच्या मागण्यासारखे होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

आणखी एक जागा सांगावयाची राहिली. अतिवृष्टी थांबावी म्हणून ह्या देशात सहसा गाऱ्हाणे घालीत नसत. होनी नावाच्या पुरुषाने वर्तुळात उभे राहून पाऊस आणला आणि मग तो फार झाला, तेव्हा लोकांनी थांबवण्याची विनवणी केली, तर त्यांनी आधी टाळाटाळच केली. पण ताल्मूदमध्ये असेही आहे, की पाऊस उदंड झालेल्या वर्षी मंदिरात पाळीवर असलेले कोहेन लोकप्रतिनिधींना निरोप पाठवीत: परदेशातल्या आपल्या भावांकडे लक्ष असू द्या, त्यांची घरे त्यांची थडगी होऊ नयेत. येथे डोंगर, पाणी वाहून जाते. बाबेलची जमीन सखल, तेथे पूर. आपल्या अंगणात जे आशीर्वाद आहे ते भावाच्या अंगणात मरण असू शकते, हे भर समृद्धीत आठवण्याची त्यांची रीत होती. जुलैत मुंबई-रायगडला पूर आल्याच्या बातम्या येतात, आणि आम्ही येथे कडक उन्हात बसून नातेवाइकांना फोन लावतो, तेव्हा हा निरोप आम्हांस आठवतो.

त्या जिन्यातल्या प्रश्नानंतरच्या वर्षापासून आम्ही एक करू लागलो. सुक्कोथ संपल्यावरचे पंधरा दिवस आम्ही पूर्वी नुसते थांबत असू; आता त्या दिवसांत गच्चीवर जातो. पन्हाळीच्या तोंडाशी वर्षभराची कबुतरांची पिसे, धूळ, कोणाचे तरी मोजे साचलेले असतात ते काढतो. वाद बायितचा निकाल लागेपर्यंत वाट न पाहता दोन डबे डांबर आणून, जेथे भेगा दिसतात तेथे फासतो. भाचा शिडी धरतो, आणि शिडी धरताना, पाऊस मागण्याऐवजी कारखाना वाढवा, हे भाषण पुन्हा देतो. पहिल्या वर्षी बाईंनी वर येऊन देखरेख केली आणि डांबर नीट लागले नाही असे सांगितले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुदिन्याचा चहा पाठवला.

मागल्या हेश्वानात सातव्या रात्री त्या पुन्हा जिन्यात भेटल्या. छताचे काही विचारले नाही. तुमच्या बदामाला यंदा थंडी पुरेल का, एवढेच विचारले. आम्ही म्हटले, “ते कोणाच्या हातात आहे?” पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी आम्ही वर जाऊन पाहिले. बैठकीची खोली कोरडी होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मात्र अजून एक थेंब पडतो. तो कोठून येतो हे आम्हांस तीन वर्षांत सापडलेले नाही. खाली बादली ठेवली आहे.